पाण्यात पाहणे

ग्दिनियाच्या गोदीत चौतीस वर्षं
झेनॉन ग्रुशका जहाजांची भोकं बुजवत आला.
ठिणग्या, मुखवटा, जस्ताचा कडवट धूर
आणि शास्त्र एकच:
बाहेरचं पाणी आत येता कामा नये.

निवृत्तीच्या दुसऱ्या हिवाळ्यात
बंद पडलेल्या एका हॉटेलातून त्यानं आणलं
सहाशे लिटरचं काचेचं खोकं.
चौघांनी चौथ्या मजल्यावर चढवलं,
जिन्याच्या वळणावर दोनदा देव आठवला.
तळाच्या कोपऱ्यात दोन भोकं.
एकात अंगठा जाई,
दुसऱ्यात तीन बोटं.
कडा गुळगुळीत, घासलेल्या,
कुणीतरी मुद्दाम पाडलेल्या.
मुद्दाम पाडलेलं भोक
त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

खालच्या मजल्यावर पानी वान्दा.
तिकडे बाईमाणसाला पानी म्हणतात,
आपल्या कानाला गंमत वाटेल.
पण या पानीला पाण्याचंच वावडं.
एकोणीस वर्षांपूर्वी झेनॉनचं वॉशिंग मशीन फुटलं
आणि तिच्या छतावर एक पिवळा डाग उमटला,
गाईच्या तोंडाएवढा.
तेव्हापासून ती त्याला पाण्यात पाहते.

कागदावर सगळं सोपं होतं.
पाणी फणीच्या दातांवरून कोपऱ्यातल्या कप्प्यात,
मोठ्या भोकातून खालच्या टाकीत,
तिथे मोजा, स्पंज, चिनीमातीच्या कड्या,
मग पंप,
आणि लहान भोकातून पुन्हा वर.
प्रत्यक्षात वाडग्यात टप्‌.
अकरा सेकंदांनी पुन्हा टप्‌.
दुकानातला नाकात बाळी घातलेला पोरगा म्हणाला,
आजोबा, रबर आतून हवं, पाण्याच्या बाजूनं.
आणि हातानंच आवळा. पान्हा नको.
पान्हा नको!
झेनॉन बसमध्ये स्वतःच्या हातांकडे बघत घरी आला.

मग नळी घोरायला लागली,
दारुड्यासारखी, रात्री दोनला.
खालून झाडूचा दांडा: ठक्‌ ठक्‌ ठक्‌.
त्यानं नळीला टोपण बसवलं, टोपणाला सुईएवढं छिद्र,
घोरणं थांबलं, दांडा थांबला.

राहिली शेवटची परीक्षा.
वीज गेली तर?
त्यानं श्वास धरून प्लग काढला.
वरचं पाणी आल्या वाटेनं उलटं चोखलं जाऊ लागलं,
खालची टाकी चढली, काठाला आली,
काठ ओलांडून लाकडी फरशीवर आली.
टॉवेल, चादर, लग्नातला कोट,
हाताला लागेल ते.

त्या रात्री त्यानं ड्रिल काढलं.
वर येणाऱ्या नळीला, पाण्याच्या रेषेच्या जरासं खाली,
तीन मिलिमीटर.
पातळी उतरली की इथून हवा शिरेल,
चोखणं तुटेल.
टोक टेकवलं
आणि हात थरथरला,
चौतीस वर्षांत कधी नव्हता थरथरला.
मग भुर्रर्र, पांढरा भुसा,
आणि आयुष्यातलं पहिलं स्वतः पाडलेलं भोक.

प्लग काढला.
खालचं पाणी चढलं, चढलं,
काठाच्या दोन बोटं खाली थांबलं.
त्यानं गोदीतल्या खडूनं तिथे रेघ मारली.

दारावर पानी वान्दा, हातात तोच झाडू.
थेंब आलाय म्हणाली. एकच, पण आलाय.
मग काचेकडे लक्ष गेलं.
मासे कुठायत?
अजून नाहीत. पाच आठवडे तरी नाहीत.
आधी न दिसणारे जीव कड्यांवर वस्ती करतील,
विष खायला शिकतील, मग मासे.
मग हे रिकामं कशाला फिरतंय?
झेनॉननं खांदे उडवले.
मुरतंय, म्हणाला.

तिनं झाडू भिंतीला टेकवला,
स्वयंपाकघरातलं स्टूल न विचारता ओढून आणलं
आणि बसली.
आत काहीच नव्हतं.
थोडी वाळू, दिव्याची थरथर,
आणि काचेत त्या दोघांची तोंडं.
बराच वेळ ती बघत राहिली.
जाताना म्हणाली, छत तूच रंगवून देणार आहेस.
झाडू मात्र विसरली.